अपघातानंतर घरच्या नेटवर्कवरचा बॅकअप सारखा का अडकतो?

लक्षण असं. रात्रीचा बॅकअप काही दिवस नीट होतो, मग एखाद्या रात्री होतच नाही. लॉगमध्ये (बॅकअपच्या नोंदींच्या फाइलीत) कधी एरर ५३, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता सापडला नाही. कधी लॉगच नाही. कधी लॉग अर्ध्यावर येऊन थांबलेला. सकाळी हाताने चालवला की मात्र मुकाट्याने चालतो. त्यामुळे ‘झाला ना, मग जाऊ दे’ म्हणून आपण विषय सोडतो आणि चार दिवसांनी पुन्हा तेच.

माझ्याकडची मांडणी साधी आहे. विंडोज ११ चा लॅपटॉप, राउटरला जोडलेला दोन डिस्कचा नॅस (नेटवर्कवरून वापरायचं डिस्कांचं खोकं), आणि टास्क शेड्युलरमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीतून, रात्री २ वाजता चालणारी रोबोकॉपीची (विंडोजच्या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमची) बॅच फाइल, म्हणजे कमांडची यादी. इतकी वर्षं बिनबोभाट चाललेलं हे सगळं मोटरसायकलच्या अपघातात नडगीचं हाड मोडल्यावर बिनसलं. हाडात रॉड बसला, पायावर अजिबात भार द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं आणि टेबलावरचा लॅपटॉप माझ्याबरोबर पलंगावर आला. नॅस तोच, राउटर तोच, बॅच फाइलही तीच. अशा वेळी संशय सगळ्यात आधी जुन्या डिस्कवर जातो. पण टेबलावरून पलंगावर येताना लॅपटॉपची जागा बदलते आणि जागेबरोबर चार्जर, वायर, वाय-फाय आणि आपली झोपायची वेळही बदलते. बॅकअप बसवताना या सगळ्या गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. म्हणून आधी काय बदललं याची यादी करा, डिस्कचं नंतर बघू.

सुरुवातीला काहीही पुसू नका

जबर वेदनाशामक गोळ्यांनी गुंगी येते आणि आपण पूर्ण भानावर आहोत असं वाटत असतानाच माणूस चुकीच्या ड्राइव्हवर ‘येस’ दाबतो. गोळी घेतल्यानंतरच्या तासांत फॉरमॅट करणं, जुने बॅकअप काढून टाकणं, नॅसचं रेड (दोन डिस्कची एकत्र जोडणी) पुन्हा बांधणं यातलं काहीही करू नका. लॉग वाचा, सेटिंग बघा, कागदावर लिहा, तेवढंच. डोक्याला मार लागला असेल तर पहिले दोन दिवस स्क्रीनपासून शक्य तितकं लांबच राहा. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, गोंधळल्यासारखं वाटलं तर लॅपटॉप मिटून थेट डॉक्टर गाठा.

रोबोकॉपीच्या मिररबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण बहुतेकांच्या बॅच फाइलमध्ये ‘स्लॅश एमआयआर’ असतंच. मिरर म्हणजे मूळ फोल्डरमध्ये जे नाही ते बॅकअपमधूनही काढून टाकायचं. मूळ जागी एखादी बाहेरची डिस्क असेल आणि आता ती जोडलेलीच नसेल, तर रोबोकॉपी निदान एरर देऊन थांबतो. पण तिथे त्याच नावाचं रिकामं फोल्डर असेल, तर तो बॅकअपही इमानेइतबारे रिकामा करतो. तपास संपेपर्यंत मिरर काढा आणि त्या जागी ‘स्लॅश ई’ टाका. नॅसवर थोडा कचरा साठेल, साठू दे.

लॉगमधला आकडा नीट वाचा

टास्क शेड्युलरच्या ‘लास्ट रन रिझल्ट’ या रकान्यात ०x१ दिसलं की लोक बॅकअप फसला असं समजतात. विंडोजच्या इतर बऱ्याच प्रोग्रॅमसाठी ते खरं असेल, पण रोबोकॉपीचा हिशेब वेगळा आहे. ० म्हणजे कॉपी करण्यासारखं नवीन काही नव्हतं. १ म्हणजे फाइली कॉपी झाल्या. २ म्हणजे बॅकअपच्या जागी जादा फाइली सापडल्या, ४ म्हणजे काही जुळत नाही. या आकड्यांची बेरीजही येते, म्हणून ३ दिसला तर घाबरायचं कारण नाही. ८ किंवा त्याहून मोठा आकडा आला तरच काही फाइली राहिल्यात, आणि १६ आला तर गाडी फलाटावरून हललेलीच नाही.

शेड्युलरचा इतिहास मुळात बंदच असतो. उजवीकडच्या पट्टीत ‘एनेबल ऑल टास्क्स हिस्टरी’ आहे, ते आधी चालू करा. त्याशिवाय काल रात्री टास्क सुरूच झाला नाही की सुरू होऊन मेला, हे कळायला मार्ग नाही. आणि हे दोन आजार वेगळे आहेत. पहिल्याचं कारण लॅपटॉपमध्ये सापडतं, दुसऱ्याचं बहुधा नेटवर्कमध्ये.

टास्क सुरूच होत नसेल

टास्कच्या ‘कंडिशन्स’ पानावर दोन खुणा आपोआप केलेल्या असतात: संगणक चार्जरवर असेल तरच सुरू करा, आणि बॅटरीवर गेला तर थांबवा. टेबलावर चार्जर कायम लागलेला असायचा, त्यामुळे या खुणांकडे कधी लक्ष गेलंच नसतं. पलंगाशेजारच्या प्लगमध्ये फोन, दिवा, शेकायची पिशवी यांची भांडणं चाललेली असतात आणि लॅपटॉपचा नंबर शेवटी लागतो. मग ज्या रात्री चार्जर लागलेला असेल त्या रात्री बॅकअप, नाहीतर नाही. ‘कधी होतो, कधी होत नाही’ या तक्रारीच्या मुळाशी बऱ्याचदा एवढंच असतं. खुणा काढण्यापेक्षा मी चार्जरची सोय आधी करायला सांगेन, कारण बॅटरीवर अर्धा बॅकअप होऊन लॅपटॉप मान टाकणार असेल तर त्यात फायदा काही नाही.

त्याच पानावर लॅपटॉपला झोपेतून उठवून टास्क चालवण्याची खूण आहे. ती केली तरी पॉवर ऑप्शन्समध्ये ‘वेक टायमर’ला परवानगी लागते, आणि बॅटरीवर ती बहुतेक लॅपटॉपवर बंद असते. बऱ्याच नव्या लॅपटॉपांमध्ये मॉडर्न स्टँडबाय (झोपेचा नवा प्रकार) असतो, त्यावर हे उठवणं मला कधीच भरवशाचं वाटलेलं नाही. त्यापेक्षा ‘सेटिंग्ज’ पानावरची वेळ चुकली तर जमेल तितक्या लवकर चालवा ही खूण करा. ती आपोआप केलेली नसते. दुखण्यामुळे झोपेचं गणित असंही कोलमडलेलं असतं. मी रात्री २ ची वेळ सोडून दुपारच्या व्यायामाची वेळ धरली. तेव्हा फिजिओथेरपिस्ट समोर असतात, लॅपटॉप बाजूला चार्जिंगला असतो आणि त्याला कोणी हात लावत नाही.

पलंगावर आणखी एक भानगड होते. गादीवर किंवा पांघरुणावर ठेवलेल्या लॅपटॉपची हवा घ्यायची भोकं खालून बंद होतात. मोठी कॉपी चालू असताना तो तापतो, मंदावतो आणि कधी कधी धाडकन बंद पडतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत) कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद दिसली तर लॅपटॉप रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झालाय. खाली लाकडी पाट किंवा कडक ट्रे ठेवा आणि नोंद पुन्हा येते का बघा.

टास्क सुरू होतो, पण संपत नाही

हे कारण हाती लागायला सर्वात अवघड गेलं. अपघाताआधी रात्री २ वाजता लॅपटॉपवर एकही प्रोग्रॅम उघडा नसायचा. आता पाय ठणकायला लागला की माणूस त्याच वेळी जागा असतो, मेल वाचतो, विम्याच्या फॉर्मची एक्सेल उघडून बसतो. उघडी, कुलूप लागलेली फाइल रोबोकॉपीला वाचता येत नाही, म्हणून तो थांबतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. किती वेळा? तुम्ही काही सांगितलं नसेल तर १० लाख वेळा, आणि दर वेळी ३० सेकंद थांबून. गुणाकार केला तर ३४७ दिवस भरतात. तेवढ्यात दुसरी रात्र उजाडते. पहिला टास्क अजून चालूच आहे हे बघून शेड्युलर नवा सुरू करत नाही, कारण त्याची मूळ सूचनाच तशी असते. मग आपल्याला दिसतं ते एवढंच की लॉग अर्ध्यावर थांबलाय आणि पुढच्या रात्रींचा पत्ताच नाही. सकाळी लॅपटॉप रीस्टार्ट केला की लटकलेला टास्क मरतो आणि काही दिवस सगळं पुन्हा सुरळीत.

उपाय दोन शब्दांचा आहे: बॅच फाइलमध्ये ‘स्लॅश आर’ला २ आणि ‘स्लॅश डब्ल्यू’ला ५ द्या. दोन प्रयत्न, मध्ये पाच सेकंद, नाही जमलं तर पुढची फाइल. राहिलेल्या फाइलची नावं लॉगमध्ये येतात. मेलची एकच मोठी फाइल रोज राहत असेल, तर त्या वेळी मेल बंद ठेवा. दुसरा इलाज नाही.

इंटरनेट चालतंय, नॅस दिसत नाही

टेबलावर लॅपटॉपला वायर होती. पलंगावर वाय-फाय आलं, आणि त्या खोलीत राउटरचा सिग्नल कमी पडतो म्हणून कोणीतरी रिपीटर (सिग्नल पुढे पोचवणारा डबा) लावला. नाहीतर भेटायला येणाऱ्यांसाठी उघडलेलं गेस्ट नेटवर्क लॅपटॉपच्या लक्षात राहिलं. ही दोन्ही ठिकाणं घात करतात. गेस्ट नेटवर्कवर उपकरणं मुद्दामच एकमेकांपासून तोडलेली असतात, फक्त इंटरनेट मिळतं. काही रिपीटर स्वतःचंच वेगळं नेटवर्क उभं करतात. लॅपटॉप लक्षात राहिलेल्या नेटवर्कांपैकी कधी हे पकडतो, कधी ते. म्हणूनच बॅकअप एका रात्री होतो आणि दुसऱ्या रात्री होत नाही.

ओळखायची रीत सोपी आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ चालवा आणि आकडे टिपून ठेवा, एकदा बॅकअप झाला तेव्हाचे आणि एकदा फसला तेव्हाचे. एकदा १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता आणि दुसऱ्यांदा १९२.१६८.२ ने सुरू होणारा, असं दिसलं तर लॅपटॉप दोन नेटवर्कांमध्ये हेलपाटे घालतोय. गेस्ट नेटवर्क लॅपटॉपमधून ‘फरगेट’ करा आणि रिपीटर स्वतःचं वेगळं नेटवर्क उभं करणार नाही अशा मोडवर टाका.

पत्ता बरोबर असूनही एरर ५३ येत असेल तर नॅसला आधी नावाने पिंग करा (‘पिंग’ कमांडने तो उत्तर देतो का ते बघा), मग आकड्याने. आकड्याने उत्तर येतं आणि नावाने येत नाही, असं झालं तर नाव शोधण्यात गोंधळ आहे. राउटरमध्ये नॅससाठी एक आयपी कायमचा राखून ठेवा आणि बॅच फाइलमध्ये तोच लिहा. दोन्हीकडून उत्तर येत असेल तर पॉवरशेलमधलं ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ वापरून ४४५ क्रमांकाचं पोर्ट उघडं आहे का पाहा. फाइल शेअरिंग त्याच दारातून चालतं.

झेड ड्राइव्हचं, म्हणजे नॅसच्या फोल्डरला दिलेल्या ड्राइव्हच्या अक्षराचं, दुखणंही इथलंच. लॅपटॉप आता रात्री लॉग-ऑफ असतो म्हणून तुम्ही टास्कमध्ये वापरकर्ता लॉग-इन नसला तरी चालवा असं निवडता. त्यानंतर टास्क वेगळ्या सत्रात चालतो आणि तुम्ही जोडलेला झेड ड्राइव्ह त्या सत्राच्या गावीही नसतो. बॅच फाइलमध्ये ड्राइव्हचं अक्षर न लिहिता दोन उलट्या स्लॅशनी सुरू होणारा नॅसचा पूर्ण पत्ता लिहा. ‘पासवर्ड साठवू नका’ ही खूण करू नका, ती असेल तर टास्कला नेटवर्कवरचं काहीही उघडता येत नाही.

बॅकअप अधूनमधून फसत नसून एका दिवसापासून कायमचाच बंद पडला असेल, तर कारण बहुधा वेगळं आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोमध्येही पासवर्ड नसलेले गेस्ट शेअर (नेटवर्कवर सगळ्यांना उघडी ठेवलेली फोल्डरं) उघडत नाहीत. तुम्ही हॉस्पिटलात असताना अपडेट आलं असेल तर नॅसवर रीतसर वापरकर्ता आणि पासवर्ड तयार करा.

जमिनीवरची वायर

वाय-फायवर वैतागून बरेच जण राउटरपासून पलंगापर्यंत लांब लॅन वायर ओढतात. कुबड्या किंवा वॉकर वापरणाऱ्या माणसाच्या घरात पलंग ते बाथरूम या वाटेवर वायर नको म्हणजे नको. नुकत्याच रॉड घातलेल्या पायावर पडणं परवडणारं नाही. बॅकअप वाय-फायवर हळू झाला तर होऊ दे.

वायर भिंतीच्या कडेने, वाट न अडवता नेता येत असेल तरच न्या, आणि पलंगाचा पाय तिच्यावर येत नाही ना हे वाकून बघायला दुसऱ्या कोणाला तरी सांगा. गिगाबिटला वायरमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. पलंगाच्या पायाखाली चेंगरून एखादी तार तुटली तरी कनेक्शन दर वेळी जातंच असं नाही, बऱ्याचदा ते गुपचूप १०० वर उतरतं. २०० जीबीचा पहिला पूर्ण बॅकअप गिगाबिटवर साधारण अर्ध्या तासात उरकतो, १०० वर पाच तास खातो. मधल्या काळात लॅपटॉप झोपतो आणि लॉग पुन्हा अर्धवट. नेटवर्क ॲडाप्टरच्या ‘स्टेटस’मध्ये वेग १०० दिसला तर सेटिंगशी खेळत बसू नका, वायर बदला.

दुसऱ्याचे हात

नॅस माळ्यावर किंवा टेबलाखाली असतो आणि तुम्हाला तिथे जाता येत नाही. घरातल्या कुणाला ‘ते बटण दाब’ सांगण्याआधी ते कुठलं बटण हे कागदावर लिहून द्या. नॅस बंद करायचा तर लॅपटॉपवरून त्याच्या पानावर जाऊन करा, मागची वायर उपटून नको. राउटर, नॅस आणि रिपीटर यांच्या वायरींवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम पाच मिनिटांचं आहे आणि ते कोणीही करू शकतं.

अपघातात फोन फुटला असेल तर नॅसच्या लॉग-इनसाठी लागणारे सहा आकडे त्याच्याबरोबरच गेलेले असतात. दोन टप्प्यांचं लॉग-इन चालू करताना दिलेले रिकव्हरी कोड शोधा. तेही त्याच नॅसवर ठेवले असतील, तर नॅसच्या मागचं छोटं रिसेट बटण उरतं. ते किती सेकंद दाबलं तर फक्त पासवर्ड जातो आणि किती दाबलं तर आणखी काय जातं, हे मॉडेलप्रमाणे बदलतं. माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नका.

आणि हे सगळं करताना तासन् तास एका जागी बसू नका. पाय उंचावर ठेवा आणि फिजिओने सांगितलेली हालचाल चुकवू नका. हाड मोडून पडून राहिलेल्या माणसाला पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका असतो. पोटरी दुखायला, सुजायला, गरम लागायला लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. श्वास लागला किंवा छातीत दुखलं तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. एका रात्रीत सेटिंग एकच बदला म्हणजे कशाने फरक पडला ते कळतं, आणि पायालाही विश्रांती मिळते.

हॉस्पिटलची सीडी

आता या बॅकअपमध्ये एरवी नसलेल्या वस्तू आल्यात: डिस्चार्ज कार्ड, बिलं, पोलिसांच्या कागदांच्या प्रती, विम्याचा पत्रव्यवहार आणि स्कॅनच्या सीडी. सीडीवरच्या चित्रांचा प्रकार डायकॉम. त्या फाइलींच्या नावांना बहुधा शेपूटच नसतं, आठ अक्षरांपर्यंतचं मोठ्या लिपीतलं नाव आणि पुढे काही नाही. तुमचा बॅकअप फक्त जेपीजी, पीडीएफ आणि डॉक्स उचलत असेल तर हे सगळं स्कॅन तो वगळतो आणि तक्रारही करत नाही. लॉगमध्ये ० किंवा १, सगळं हिरवं. सीडीवरचं अख्खं फोल्डर जसंच्या तसं कॉपी करा, ‘डायकॉमडिर’ नावाच्या फाइलसकट, कारण कुठलं चित्र कुठल्या तपासणीचं याची सूची तिच्यात असते. मग घरातल्या दुसऱ्या संगणकावर, नॅसवरच्या प्रतीतून, ते स्कॅन उघडून पाहा. उघडलं तर बॅकअप आहे असं म्हणायचं.

तिसरी प्रत, म्हणजे घराबाहेर ठेवायची डिस्क, तिचं काय झालं तेही बघा. अनेकांच्या बाबतीत ती महिन्याकाठी मोटरसायकलवरूनच नातेवाइकांकडे जायची आणि परत यायची. अपघातानंतर ती फेरी थांबते आणि हे महिनोन् महिने कोणाच्या लक्षात येत नाही. भेटायला येणाऱ्यांपैकी एखाद्याच्या हाती ती पाठवा. आत वैद्यकीय कागद असल्यामुळे डिस्कवर आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू करा, आणि त्याची रिकव्हरी की डिस्कबरोबर न पाठवता वेगळी ठेवा.

एवढं सगळं निस्तरल्यावरही रोबोकॉपी ८ किंवा १६ देत असेल आणि दर वेळी त्याच फाइलींवर अडत असेल, तर मग डिस्ककडे वळा. नॅसच्या स्मार्ट अहवालात (डिस्कच्या तब्येतीच्या अहवालात) ५, १९७ आणि १९८ हे रकाने पाहा: बदललेले सेक्टर, वाट पाहणारे सेक्टर आणि वाचता न आलेले सेक्टर. काही दिवसांच्या अंतराने दोनदा बघा. आकडे वाढत असतील तर ती डिस्क संपली. नवी डिस्क दुसऱ्या कुणाकडून बसवून घ्या, आणि जुनी बाहेर काढण्याआधी तिचा क्रमांक अहवालातल्या क्रमांकाशी जुळवा, कारण दोन डिस्कच्या नॅसमधून चांगली डिस्क ओढली गेली तर हातात काहीच उरत नाही.